पूर्ण कोण बघतं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. मेंढरांच्या मागं चालत अभ्यास करायचा म्हणजे एक डोळा ओळीवर आणि एक कोकरावर. तसाच अभ्यास करून बी.ए. झाले, मग ग्रंथालयाचा कोर्स केला, आणि आता शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. राहते पडेगावला. तेव्हा शिकलेल्या पोरांबद्दल पुढं जे लिहिलंय, तो अडाणी बाईचा जळफळाट आहे असं कुणी समजू नये. मला त्या पोरांचा हेवा वाटत नाही. मला त्यांची किंमत वाटत नाही, एवढंच.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात कार्यशाळा झाली. विषय होता माध्यम साक्षरता. सभागृहाला फुगे लावले होते. साक्षर होण्याचा आणि फुग्यांचा काय संबंध, ते आयोजक सरांनाच माहीत. पाहुणे उशिरा आले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘पुढे पाठवण्यापूर्वी विचार करा.’ पोरांनी त्या पडद्यासमोर उभं राहून सेल्फी काढले आणि विचार न करता पुढं पाठवले. निम्मी पोरं तर आलीच नव्हती. प्रमाणपत्राचा क्यूआर कोड कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. कॅन्टीनमध्ये समोसा खात खात पोरं साक्षर झाली. माझ्या टेबलासमोर एकजण दुसऱ्याला म्हणाला, “तुझं आलं का रे सर्टिफिकेट?” “आलं की. आत काय चाललंय?” “कुणाला माहीत.”

मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. मारत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, हरभरा निघून रानं मोकळी झाली तेव्हा, एका सकाळी वहिनीचा फोन आला. माझा थोरला भाऊ अजून मेंढरं राखतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो लासूर स्टेशनच्या बाजूला जातो. तिकडचे शेतकरी मेंढरं बसवून घेतात, म्हणजे रिकाम्या रानात कळप रात्री मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या नि मुतानं रान सुधारतं, आणि मेंढकराला बाजरी-ज्वारी मिळते, मेंढरांना पाणी मिळतं. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. एका गावानं नको म्हटलं की बातमी मेंढरांच्या आधी पुढच्या गावात पोहोचते. मग सगळा उन्हाळा कळप घेऊन रस्त्याच्या कडंला बसायचं.

वहिनी सहसा ओरडून बोलते, तिला वाटतं फोनला लांबचं ऐकू येत नाही. त्या दिवशी हळू बोलत होती.

“वन्सं, तुम्ही या. लोक जमलेत.”

“कशाला?”

“तुमच्या दादाचा व्हिडिओ आलाय म्हणं मोबाईलवर. इहिरीत विष टाकलं म्हणायलेत.”

“दादा कुठंय?”

“बसलेत. बोलत नायत. बोलले तर लोक मारतीन.”

मी रजेचा अर्ज न देता स्कूटी काढली. दौलताबादचा फाटा ओलांडेपर्यंत तो व्हिडिओ माझ्यापर्यंतही आला होता, एका मावसभावाकडून. गाडी बाजूला घेऊन पाहिला. दहा-बारा सेकंदांचा. विहिरीच्या कठड्याजवळ फेट्यातला माणूस पाठमोरा बसलाय, हातात बाटली, बाटलीतून पांढरं काहीतरी खाली पडतंय. वर लाल अक्षरं, ‘विहिरीत औषध टाकताना मेंढपाळ रंगेहाथ! जास्तीत जास्त शेअर करा.’ मागं कसलं तरी थरारक संगीत. माझ्या भावाची पाठ मी फेट्याशिवायही ओळखते. त्या पाठीमागं असलं संगीत ऐकून मला आधी हसूच आलं. मग मोबाईल पर्समध्ये टाकून गाडी सुरू केली.

पोहोचले तेव्हा रानात वीस-पंचवीस माणसं होती. मेंढरांभोवती वाघर असते, जाळीचं कुंपण, तिचे खुंटे एका बाजूनं उपटलेले होते. कोकरं बाहेर सुटून ओरडत होती आणि वहिनी एकटी त्यांना गोळा करत होती. दादा उकिडवा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. ते हात त्यानं मुद्दाम तसे ठेवले होते, हे मला कळलं.

ज्याचं रान आणि ज्याची विहीर तो शेतकरी पुढं आला. वयस्क माणूस. वर्षानुवर्षं दादाची मेंढरं बसवून घेणारा.

“ताई, माझं काय म्हणणं नाय. पण गावात चर्चा हाय.”

“काका, तुम्ही स्वतः बघितलं का विहिरीत काय टाकताना?”

“मी कशाला बघू? मोबाईलवर हाय ना सगळं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “शिकलेली पोरं हायेत ती. खोटं कशाला टाकतीन?”

शिकलेली पोरं! ती सगळी तिथंच उभी होती. पाच-सहाजण, दाढ्या कोरलेल्या, हातात मोबाईल, आणि अजूनही शूटिंग चालू. समोर माणूस बसलाय, त्याची बायको कोकरांमागं पळतेय, आणि ही पोरं चांगला कोन शोधत होती.

“बाटली कुठंय?” मी विचारलं.

“पुरावा म्हणून ठिवली.” एका पोरानं ती रुमालात गुंडाळून धरली होती. बोटांचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून! मी रुमाल सोडला. बाटलीवर मेंढीचं चित्र होतं, त्याखाली लिहिलं होतं ‘जंतनाशक’. सकाळपासून ती बाटली इतक्या शिकलेल्या हातांतून फिरली होती. सगळ्यांनी तिचे फोटो काढले होते. वाचली कुणीच नव्हती. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं.

“ते असंल हो,” एकजण म्हणाला, “पण इहिरीत ओतलंच की.”

मी व्हिडिओ परत लावला. त्यांना विष दिसत होतं, मी कडा बघत होते. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात जाळीची एक तिरपी पट्टी दिसत होती. मी मान वर केली. विहिरीच्या वरच्या अंगाला शेतकऱ्याची कांद्याची चाळ होती, तशाच जाळीची. व्हिडिओ तिथून, लांबून, मोठा करून काढलेला. चाळीतून विहीर आणि तिच्या अलीकडचा मेंढरांना पाणी पाजायचा हौद एकमेकांवर चढलेले दिसतात. दादा हौदाच्या बाजूला चिखलात बाटली विसळत होता. मेंढकरं औषध पाजून झालं की बाटली विसळतातच, उरलेलं कोकराच्या तोंडी लागू नये म्हणून. लहानपणी ते काम माझं होतं.

“चाळीत कोण होतं?”

शेतकऱ्यानं आपल्या मुलाकडं बघितलं, आणि मुलानं बुटांकडं. मी त्याला ओळखलं. तोही मला बघून म्हणाला, “मॅडम, तुम्ही... लायब्ररीत ना?”

आमच्याच कॉलेजचा. रेल्वेनं जाऊन येऊन करणारा. कार्यशाळेच्या दिवशी कॅन्टीनमध्ये समोसा खाणारा.

“पूर्ण व्हिडिओ दाखव.”

“एवढाच हाय मॅडम.”

“हा कापलेला आहे. आधी नि नंतर काय आहे ते दाखव.”

“डिलीट झाला.”

“डिलीट झालेलं लगेच जात नसतं. गॅलरी उघड. खाली कचऱ्याचा डबा आहे, तो उघड.”

तो बापाकडं बघत राहिला. बाप म्हणाला, “उघड ना रे. बाई काय खाती का तुझा मोबाईल?”

उघडला. होता तिथंच. पोरानं सगळं पुसलं होतं पण पुसल्यावर ते कुठं जातं एवढंही त्याला माहीत नव्हतं, आणि हा म्हणे डिजिटल पिढीचा. माणसं माझ्या खांद्यावरून वाकली. पूर्ण व्हिडिओत आधी वहिनी मेंढी पुढं सरकवते. दादा तिला दोन गुडघ्यांत धरतो, जबडा थोडा वर, ओठाच्या कडेनं औषध सोडतो. मेंढी मान झटकते, दादा हसतो. दुसरी मेंढी. तिसरी. मग तो हौदाकडं जातो आणि बाटली विसळतो. आणि ह्या सगळ्यावर चाळीतून पोराचा स्वतःचा आवाज, शेजारच्या मित्राला सांगणारा, स्पष्ट:

“जंताचं औषध पाजायलाय रे तो मेंढरांना.”

त्याला माहीत होतं. मी इथपर्यंत त्याला मूर्ख समजत होते. मूर्खाला मी एक वेळ शिकवीन. हा मूर्ख नव्हता.

“तुला माहीत होतं?”

“व्हय... पण तसं टाकलं तर कोण बघतं मॅडम?”

“आणि पूर्ण?”

“पूर्ण कोण बघतं?”

हे त्यानं उर्मटपणे म्हटलं नाही. अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, गुऱ्हाळवाला गुळाचा भाव सांगतो तसं.

मला वाटलं होतं आता माणसं गप्प होतील, कुणीतरी दादाकडं जाईल, हात धरून उठवील. माणसं हसली. “पोरगं हाय ताई, गंमत केली त्यानं,” असं म्हणत एकेक पांगली. विष म्हणून ओरडायला जेवढा घसा लागला, त्याच्या पावपटही माफी मागायला कुणाला फुटला नाही. उपटलेले खुंटे जिथल्या तिथं पडून राहिले. दादा उठला, पँट झटकणाऱ्या त्या पोराकडं न बघता मला म्हणाला, “बाई, ती बाटली दे इकडं. निम्मी मेंढरं पाजायची राह्यलीत.”

मी पोराला तिथंच उभं करून पूर्ण व्हिडिओ त्याच ग्रुपवर टाकायला लावला. खाली लिहायला लावलं की आधीचा मी कापून टाकला होता आणि तो खोटा आहे. त्यानं टाकला. त्याच्या खाली एकानं अंगठा दाखवला. बस. कापलेला तेवढ्यात वैजापूरपर्यंत जाऊन आला होता. पुढच्या दोन गावांनी दादाला रान दिलं नाही. “आम्हाला माहितीय ते खोटं हाय,” असं सांगूनसुद्धा दिलं नाही. “पण उगं कशाला?” तो उन्हाळा मेंढरांनी रेल्वेच्या रुळाकडंच्या पडीक जागेत काढला, आणि काही कोकरं पाण्यावाचून गेली.

महिनाभरानं तोच कापलेला व्हिडिओ आमच्या कॉलेजच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर आला. पाठवणारे कोण, तर ज्यांनी फुगे लावले होते तेच आयोजक सर. सोबत जोडलेल्या हातांचा इमोजी आणि मजकूर, ‘सत्य-असत्य माहीत नाही, पण काळजी घ्यावी.’ मी लिहिलं, “सर, तो माझा भाऊ आहे आणि ते जंताचं औषध आहे.” सरांनी पुसला. मग मला वेगळा निरोप आला, “सॉरी मॅडम, आलं तसं पुढं पाठवलं.” दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले, माझ्याशी पावसापाण्याचं बोलले आणि माध्यमांवरचं एक पुस्तक घेऊन गेले. ते अजून त्यांच्याकडंच आहे. वाचलं नसणार, आणि परतही करणार नाहीत, कारण त्यासाठी माझ्यासमोर उभं राहावं लागेल.

पोरं बिघडली म्हणून गळे काढणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांना मी सांगते, पोरं तुमच्यासारखीच झालीत. फक्त बोटं चपळ आहेत.

यंदा हरभरा निघाला आणि त्या शेतकऱ्याचा मला फोन आला. “ताई, दादांना सांगा, रान मोकळं झालंय. मागच्या साली मेंढरं पुरती बसली नाय, पीक नुसतं पिवळं पडलं.”

“काका, तुमच्या पोराला विचारा आधी. विहिरीत काय ओततील कुणास ठाऊक.”

“लाजवू नका ताई.”

मी दादाला जाऊ नको म्हणाले. दादा म्हणाला, “मग मेंढरं कुठं बसवू, तुझ्या लायब्ररीत?” आणि गेला. पण एक अट घालून. मेंढरं विहिरीवर येणार नाहीत. पाणी पिंपात भरून छोट्या हत्तीनं, म्हणजे टेम्पोनं, रानात यायचं. शेतकरी म्हणाला, “अहो, विहीर तुमचीच हाय.” दादा म्हणाला, “पाणी चांगलंय. पण तुमच्या इहिरीवर कॅमेरा हाय.” पिंपं भरायचं आणि वाहायचं काम शेतकऱ्यावर आलं. ते त्यानं मुकाट्यानं केलं.

औषध पाजायच्या दिवशी मी रजा टाकून गेले. ह्या वेळी अर्ज देऊन. विहिरीपासून लांब, उघड्या रानात दादा बसला होता. ते पोरगं आलं, नवा मोबाईल, केस नवे. मला “नमस्ते मॅडम” म्हणालं आणि दादाला म्हणालं, “काका, शेतकरी लाईफचं चॅनल काढलंय मी. तुमचं औषध पाजणं टाकू का? ह्या वेळी पूर्ण टाकतो, शप्पथ.”

दादानं मेंढी गुडघ्यांत धरली. “पूर्ण म्हंजी किती?”

“एक मिनिटाचा.”

“दिवस मावळस्तोवर लागतं मला. थांबतो का?”

“थांबतो की.”

“मग घे.”

त्यानं मोबाईल आडवा धरला. पहिली मेंढी झाली, दुसरी झाली. चौथ्या मेंढीला त्यानं कपाळ पुसलं, नंतर सावली कुठं आहे ते बघितलं, नंतर मोबाईल बघितला. मी वहिनीला मेंढ्या पुढं सरकवू लागले. थोड्या वेळानं मी मान वर केली तर तो बांध ओलांडून कांद्याच्या चाळीकडं चालला होता, मान खाली, अंगठा चालू.

“गेला व्हय?” वहिनीनं विचारलं.

“गेला.”

“मग पुढची घ्या,” ती म्हणाली आणि मेंढी सरकवली.