वगळलेला नमुना

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं हिंजवडीला आयटीत लागली, तेव्हा मी पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. काम होतं रक्तातली प्रथिनं मोजण्याचं. प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे. यंत्र त्यांची वजनं सांगायचं आणि त्यावरून कुठलं प्रथिन साधारण किती आहे, याचा अंदाज माझं सॉफ्टवेअर करायचं. अडचण अशी, की काही तुकडे दोन-चार प्रथिनांत अगदी सारखे असतात. ते कुणाचे धरायचे, हे यंत्राला कळत नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांशी ताडून पाहायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. माणसं कमी पडत होती, म्हणून मी वडिलांना विचारलं. ते स्वारगेटच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते.

"टोचायला मीच सापडलो का?" म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले.

निकाल आले तेव्हा निरोगी नमुन्यांपैकी एकच वेगळा होता. त्यात एक अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढायला शरीर बनवतं तसलं एक प्रथिन, इतरांच्या कितीतरी पट दिसत होती. नळ्यांवर फक्त क्रमांक असायचे, पण हा क्रमांक मी स्वतः चिकटवला होता.

मी आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे गेले.

"अँटिबॉडीज एकमेकींसारख्याच असतात," त्या म्हणाल्या. "सामायिक तुकडे तुझा प्रोग्राम एकीच्याच नावावर टाकत असेल."

"बाकीच्या नमुन्यांत तसं होत नाही, मॅडम."

"मग नमुना खराब असेल. वगळ तो."

सामायिक तुकडे बाजूला ठेवून पुन्हा मोजायला फार तर अर्धा दिवस लागला असता. पण अहवाल द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर माझाच माझ्या प्रोग्रामवर विश्वास नव्हता. मी त्या नमुन्याची ओळ काढून टाकली.

"काय निघालं माझ्या रक्तात?" घरी वडिलांनी विचारलं.

"काही नाही. तुमचा नमुना खराब झाला."

"जन्मभर ग्रीसमध्ये हात घातले, दुसरं काय होणार."

उन्हाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली. बसगाड्यांखाली वाकून घालवलेल्या वर्षांना आम्ही बोल लावला. मलम झालं, पट्टा झाला. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी बादली उचलली आणि खाली बसले, ते त्यांना उठताच येईना. मणका खचला होता. मग तपासण्या झाल्या. अस्थिमज्जेचा कर्करोग. डॉक्टर समजावत होते, की यात एकाच जातीच्या पेशी बेसुमार वाढतात आणि एकच अँटिबॉडी बनवत सुटतात. पुढचं मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी जुनी फाइल उघडली. सामायिक तुकडे वगळून मोजलं. आकडा जेमतेम खाली आला, म्हणजे ती अँटिबॉडी खरोखरच तेवढी होती.

"हे आधी, उन्हाळ्याच्या आत कळलं असतं तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"आजार बरा झाला नसता. मणका कदाचित वाचला असता."

वडिलांना कर्वेनगरच्या घरी आणल्यावर मी सगळं सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते.

"मॅडमना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

त्यांना कूस बदलायची होती, एकट्याला जमत नव्हतं. मी हात लावला. त्यांनी तो झिडकारला नाही, एवढंच.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आपण निदान करत नव्हतो गं. संशोधन करत होतो." ते खरंच होतं.

पुढे शोधनिबंध लिहायला बसलो. नमुना का वगळला, त्याचं खरं कारण लिहूया, असं मी म्हटलं. माणूस ओळखू येईल असं काही छापता येत नाही, असं त्या म्हणाल्या. तेही खरं होतं. 'एक नमुना तांत्रिक कारणास्तव वगळण्यात आला', हे वाक्य मीच टाइप केलं. लेखकांच्या यादीत माझं नाव तिसरं आहे.

निबंध छापून आला तेव्हा वडील हयात होते. मी तो घरी नेला नाही.