विमलाताईंनी आणलेला नियम

कांजूरमार्गच्या त्या सोसायटीत अगदी सुरुवातीला ज्यांनी घर घेतलं त्यांत विमला इंगळे होत्या. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. चौथ्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर मात्र त्यांच्या एकटीच्या कमाईचं होतं. दारावरची पाटी करून घेताना त्यांनी पेंटरला बजावलं होतं, "आडनाव मोठं काढ रे. लपवायचं काही नाही."

समोरचा फ्लॅट कुणा परदेशातल्या माणसानं घेतला आणि रोजच्या भाड्यानं द्यायला लागला, तेव्हापासून ताईंच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. मोबाइलवर बुकिंग, आज एक माणूस, उद्या दुसरा. पिऊन आलेले हमखास चुकीच्या दाराची बेल दाबायचे, आणि ते चुकीचं दार ताईंचंच असायचं. एकदा एक जण त्यांच्या उंबऱ्यातच ओकला. ते धुतलंही त्यांनीच.

मग मात्र त्या पेटल्या. गुडघे कुरकुरत असताना मजले चढल्या, दारोदार सह्या घेतल्या. सेक्रेटरी चंद्रप्रकाश पेडणेकर "बघू, बघू" करत होते. सभेत ताई उभ्या राहिल्या.

"हे घर आहे की लॉज? रात्री आपल्या शेजारी कोण झोपलंय, एवढंही आपल्याला कळू नये?"

टाळ्या पडल्या. नियम झाला: बाहेरचं कुणी मुक्कामाला येणार असेल तर आधी ओळखपत्रं द्यायची आणि कमिटीची परवानगी घ्यायची. समोरच्या फ्लॅटला कुलूप लागलं. पेडणेकरसुद्धा लिफ्टमध्ये म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला, इंगळेबाई." ताईंना ते शब्द कितीतरी दिवस पुरले.

डिसेंबर आला. दरवर्षी सहा तारखेला चैत्यभूमीवर जायला त्यांची धाकटी बहीण कुंदा मेहकरहून गावातल्या बायांना घेऊन यायची. आदल्या दिवशी मुक्काम ताईंकडे. घरभर अंथरुणं पडायची, पिठलं-भाकरी व्हायची, कुणीतरी भीमगीत धरायचं. परवानगीचं ताईंच्या डोक्यातही आलं नाही. सख्ख्या बहिणीला घरात घ्यायला परवानगी कसली?

पाच तारखेच्या संध्याकाळी वॉचमन खंडूचा इंटरकॉम आला. तो चाचरत होता. "मॅडम, खाली तुमचे लोक आलेत. साहेब वर सोडू नको म्हणतात."

ताई तशाच खाली धावल्या. गेटबाहेर फुटपाथवर कुंदा पिशवीवर बसली होती. सोबतच्या म्हाताऱ्या भिंतीला टेकल्या होत्या. पेडणेकर गेटात उभे.

"बहीण आहे माझी."

"असेल हो. पण परमिशन कुठाय? रूल तुम्हीच आणलात ना?"

"तो धंदा करणाऱ्यांसाठी होता. मी काय यांच्याकडून भाडं घेते?"

"एवढी माणसं, एका रात्रीपुरती. लोक मला विचारतात."

"मागच्या महिन्यात तुमच्या श्रुतिकाच्या लग्नाला कुडाळची अख्खी एसटी उतरली होती इथं. गच्चीत गाद्या घातल्या होत्या. नियम होता की तेव्हाही. कुणी परवानगी विचारली?"

"अहो, ते घरचं कार्य होतं. आमची माणसं होती ती."

"आणि ही कुणाची आहेत?"

पेडणेकरांची नजर म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या लुगड्यांवरून, एकीच्या हातातल्या निळ्या झेंड्यावरून फिरली आणि बाजूला वळली. ती नजर ताईंच्या ओळखीची होती. ती गावातच मागे राहिली, असं त्या इतकी वर्षं समजून चालल्या होत्या.

त्यांनी वर पाहिलं. सह्या देणारी माणसं गॅलऱ्यांत उभी होती. एकही जण खाली उतरला नाही.

कुंदा उठली. "राहू दे वं ताई. आमच्यापायी भांडू नको. दादरले मांडव हाय."

"कुठं जायचं नाही! चल वर."

पण म्हाताऱ्यांनी पिशव्या उचलल्या होत्या. ताईंनी वर जाऊन पिठलं-भाकऱ्या डब्यांत भरल्या आणि त्यांच्यासोबत शिवाजी पार्कला गेल्या. मांडवात सगळ्या मिळून जेवल्या. कुंदा गावाकडचं सगळं सांगत होती. सोसायटीबद्दल मात्र तिनं चकार शब्द काढला नाही, आणि तेच ताईंना जास्त लागलं.

पुढच्या सभेत त्यांनी नियम बदलायची मागणी केली. हात एकच वर झाला, त्यांचा. त्याच सभेत समोरच्या फ्लॅटला 'कंपनीचे पाहुणे' म्हणून वर्षभराची परवानगी मिळाली. मालकानं सगळं रीतसर केलं होतं म्हणे.

पुढल्या वर्षी ताईंनी नोव्हेंबरातच अर्ज दिला. तो मंजूरही झाला. त्यांनी लगेच कुंदाला फोन लावला.

"या गं सगळ्या. आता कुणी अडवणार नाही."

"नाही वं ताई. बाया म्हणतात, तिथं आता कायले जायचं? आम्ही सरळ दादरलेच उतरतो. तूच ये तिकडं."

दुसऱ्या दिवशी ताई सोसायटीच्या ऑफिसात गेल्या आणि अर्ज परत मागितला.

"का हो?" पेडणेकरांनी विचारलं.

"पाहुणे येत नाहीयेत."

"चला, बरं झालं," पेडणेकर म्हणाले.