डावी बाजू मन्मथची

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर बहिर्गोल भिंगाची आकृती काढत होतो. खिशात थरथर झाली, काढून पाहिलं तर मन्मथ. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला आणि खडूच्या हातानंच मेसेज टाकला, 'तास चालू हाय बे, पानं मंग मोज.' वर्षभर मन्मथ मला असा भलत्या वेळी फोन करायचा तो एकाच कारणासाठी. आमच्या लहानपणीचा एक व्हिडिओ गेम नव्यानं तयार होऊन हातात धरायच्या यंत्रावर येणार होता. कंपनीनं त्याची दीड मिनिटाची झलक दाखवली होती आणि मन्मथ ती थांबवून थांबवून बघत, जुन्यातलं काय ठेवलं आणि काय बदललं ते हुडकत बसायचा. आदल्याच दिवशी त्यानं मला ऐकवलं होतं की पहिल्या झाडाला आधी आठ पानं होती, आता अकरा दिसतात. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी चिडून वर्गाबाहेर आलो आणि म्हणालो, "काय बे, बारावं सापडलं का?" पलीकडून त्याची बायको, संगीता वहिनी, बोलल्या. "भाऊजी... तुमचे दोस्त गेले ओ."

त्या बाराव्या पानाची मला अजून लाज वाटते. धारूरहून परळीला पोचेपर्यंत एसटीत मी दुसरा कसलाच विचार करू शकलो नाही. माणूस गेल्याचं दुःख नंतर आलं, आधी ही लाजच येऊन बसली.

मन्मथच्या घरचं परळीत देवळाच्या वाटेवर दुकान. भस्म, रुद्राक्ष, बेलाची पानं, पितळी घंटा, तांब्याचे तांबे. माझे वडील थर्मलला, म्हणजे तिथल्या वीज केंद्रात, होते आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. गच्चीवर वाळत घातलेले पापडसुद्धा राखेनं काळवंडायचे, पण कॉलनीत एक सुख होतं, लाइट जायची नाही. गावात रोज संध्याकाळी अंधार, आणि आमच्याकडं टीव्ही चालू. मन्मथ त्यासाठीच यायचा, हे मी त्याला आयुष्यभर ऐकवलं. माझ्या मामानं हैदराबादहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. सोबतच्या कॅसेटवर ट्रकचं चित्र होतं, आणि लावली तर आत ट्रक वगैरे काही नाही, हातात कंदील घेतलेली एक पोरगी! ती डोंगर चढते, गुहा पार करते, भेटेल त्याला काहीतरी विचारते आणि पुढं जाते. अक्षरं कुठल्या भाषेतली होती देव जाणे. आम्ही तिला कंदीलवाली म्हणायचो. गेमचं खरं नाव आम्हाला चाळिशी आल्यावर कळलं, आणि ते आम्ही दोघांनीही एकदासुद्धा वापरलं नाही.

रिमोट दोन होते, त्यातल्या एकाची वायर पहिल्याच महिन्यात उंदरानं खाल्ली. मग राहिलेल्या एकात वाटणी झाली. डावीकडं दिशांची बटणं असतात, ती मन्मथची. उजवीकडं उडी मारायची आणि कंदील उचलायची बटणं, ती माझी. खांद्याला खांदा लावून बसायचं, रिमोट मधोमध, एक टोक त्याच्या उजव्या हातात, दुसरं माझ्या. पोरगी खड्ड्यात पडली की, "तू उशिरा उडालास" आणि "तू लवकर पळवलंस" यावरून मारामारी. पण सवयच अशी झाली की पुढं पुढं आम्हाला बोलावं लागेना. तो वळायच्या आत मला कळायचं तो कुठं वळणार.

आठव्या गुहेनंतर नदी लागायची. घाटावर एक म्हातारा नावाडी मांडी घालून बसलेला. आम्ही त्याच्यापाशी जायचो आणि तिथंच सगळं अडायचं. म्हातारा हलायचा नाही. आम्ही सगळी बटणं दाबून बघितली, उलटी, सुलटी, एकदम. कॅसेट काढून फुंकली, खडू लावून पुसली. शेवटी मी निकाल दिला की नकली कॅसेट आहे, इथं हँग होते, पुढं काही भरलेलंच नाही. मन्मथला ते पटायचं नाही. "न्हाई बे, पल्याड गाव हाय. दिवे दिसतेत बघ." काळ्या पडद्यावर त्याला कुठले दिवे दिसायचे कोण जाणे. मला कधीच दिसले नाहीत. दोन वर्षं आम्ही त्या घाटापर्यंत जात राहिलो, मग दहावी आली, मग टीव्हीच बदलला आणि तो डबा भंगारात गेला.

त्यानंतरची तीसेक वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तो दुकानात बसला, मी मास्तर होऊन धारूरला आलो. लग्नांत भेटायचो, जेवायला शेजारी बसायचो, 'ये की एकदा' म्हणायचो. मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. त्यातली शनिवारची पाळी दुपारची होती आणि शनिवारी माझी शाळा सकाळची. म्हणून मी जाऊ लागलो. पहिल्यांदा गेलो तो कर्तव्य म्हणून, हे कबूल करतो. चार तास माणूस खाटेवर पडून, बाजूला यंत्र गरगरतंय, काय बोलायचं? तिसऱ्या शनिवारी मन्मथ मला बघताच हसायला लागला, इतका की नर्सनं येऊन दटावलं. "सुन्या, आपुन गाढव होतो बे!" त्यानं फोनवर जगभरच्या कंदीलवालीच्या वेड्यांचा अड्डा शोधून काढला होता. तिथं लिहिलं होतं की म्हाताऱ्यापाशी गेल्यावर काहीच करायचं नसतं. दीड-दोन मिनिटं एकही बटण दाबायचं नाही, की म्हातारा आपण होऊन उठतो आणि नाव सोडतो. बस. एकट्या पोराला हे कधीतरी चुकून जमलं असतं, रिमोट ठेवून पाणी प्यायला उठला असता तरी जमलं असतं. आम्ही दोघं होतो. तो थांबला की मी दाबायचो, मी थांबलो की तो. दोन वर्षांत आमच्या दोघांचे हात एकदम कधी गप्प बसले नाहीत.

त्याच सुमारास नव्या गेमची बातमी आली. जुना गेम कॉम्प्युटरवर कसा लावायचा ते मी एका विद्यार्थ्याला विचारून आलो होतो, पण मन्मथनं साफ नाही म्हटलं. जायचं तर नव्यातच, आणि दोघांनी मिळून. हातातलं यंत्र मागवलं, गेम यायचा होता तरी आधीच बुक करून ठेवला, आणि सवय राहावी म्हणून आम्ही दुसरेच कुठले कुठले गेम खेळायचो. त्याचा डावा हात सुयांना दिलेला, उजवा मोकळा. मी खाटेच्या उजव्या अंगाला स्टूल घेऊन बसायचो. यंत्राचं डावं टोक त्याच्याकडं, उजवं माझ्याकडं. पंचेचाळिशीचे दोन बाप्ये एक खेळणं धरून बसलेले बघून शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणायच्या, "काय करतेत गं माय हे?"

आणि अंदाज! म्हातारा आता बोलेल का? गुहा उजळ करतील का? एका दृश्यात नाव क्षणभर दिसायची, ती मन्मथच्या मते रुंद झाली होती. "दोन फळ्या हायेत बघ बसायला. दोघांचा करतेत बे गेम, लिहून घे." अड्ड्यावर त्यावर चार दिवस वाद चालला. कोणाला वाट दाखवणारे बाण हवे होते, कोणाला पोरीचे केस आवडले नव्हते. पण मन्मथला खरी धास्ती होती ती एकाच गोष्टीची. बरेच जण लिहीत होते की नावाड्यापाशी थांबायला लावणं हा जुन्या काळचा मूर्खपणा आहे, आता ते काढून टाका, लोकांना वेळ नाही. मन्मथ त्या दिवशी जेवला नाही म्हणे. त्यानं इंग्रजीत एक लांबलचक पत्र लिहून काढलं आणि मी व्याकरण तपासलं, लाल पेनानं नाही एवढंच. त्यात एक वाक्य होतं की आम्ही दोघं तीस वर्षं थांबलोय, आता म्हाताऱ्याला घाई करायला लावू नका. पुष्कळांनी बदाम टाकले. एकानं परळी कुठं आहे ते विचारलं.

मला स्वतःला गेमचं एवढं वेड नव्हतं, हे आज सांगून टाकतो. मला शनिवारचं वेड लागलं होतं. घरी बायको-मुलं आहेत, शाळेत सतरा माणसं आहेत, पण मी बोलायच्या आत मी कुठं वळणार हे कळणारं माणूस एकच होतं, आणि ते शनिवारी दोन ते सहा भेटायचं.

मग कंपनीनं तारीख पुढं ढकलली. त्या शनिवारी मन्मथनं ती बातमी मला वाचून दाखवली. मग म्हणाला, "तवर आसंन का बे मी?"

मी म्हणालो, "तू न्हाई आसलास तर डावी बाजू कोन धरंल?"

"मंग तू शिक की. इकडं आन अंगठा."

त्यानं खरंच माझा डावा हात ओढून त्या टोकावर ठेवला. मी काढून घेतला. त्यानं पुन्हा ठेवला, मी पुन्हा काढला आणि म्हणालो, "हट बे, मला जमत न्हाई." तो म्हणाला, "कावून जमत न्हाई? भिंगं शिकवितोस पोरांना, आन एक अंगठा हलंना?" मी विषय बदलला. डाव्या बाजूला अंगठा ठेवणं म्हणजे तो जाणार हे मान्य करणं होतं, आणि मला ते त्याच्यासमोर करायचं नव्हतं. पण त्याला तर तेच हवं होतं. त्याला माझ्याकडून एवढी एकच गोष्ट हवी होती आणि ती मी केली नाही. पुढच्या तीन शनिवारी तो ते काही बोलला नाही. चौथ्या शनिवारच्या आधी, गुरुवारी, मी वर्गात भिंग काढत असताना वहिनींचा फोन आला.

त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. मी पोचलो तेव्हा मन्मथला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं, कपाळावर दुकानातलंच भस्म, गळ्यात रुद्राक्ष, डाव्या हातात इष्टलिंग. उजवा हात मांडीवर मोकळा होता. मी त्या अंगठ्याकडं बघत राहिलो... सगळे रडत होते, आणि मला मात्र वाटत होतं की आता कोणी काही हलवू नका, जरा थांबा, उठेल हा. कोणाला सांगणार? त्या गर्दीत तो नावाडी माहीत असलेला मी एकटाच होतो.

निघताना वहिनींनी ते यंत्र रुमालात बांधून दिलं. "तुमीच न्या भाऊजी. आमाला न्हाई कळत त्यातलं काई." मी ते घरी आणून कपाटात ठेवलं. तीन आठवड्यांनी तारीख आली. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी संध्याकाळी यंत्र चार्जिंगला लावलं, तर गेम आपोआप येऊन बसला होता. त्यानं बुक केलेला. खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी त्यानं आधीच भरून ठेवलं होतं, 'मन्या-सुन्या'.

मग मी शिकलो. रोज शाळेतून आल्यावर, दार लोटून. डावा अंगठा अगदीच अडाणी निघाला. पोरीला मी शंभरदा खड्ड्यात घातलं, आणि शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं. अकरा पानं बरोबर होती. गुहा उजळ केल्या आहेत. केस मलाही आवडले नाहीत. हे सगळं सांगायला मी दोनदा फोन हातात घेतला. अड्ड्यावर लिहिता आलं असतं, पण त्या लोकांना मन्मथ परळीचा एक माणूस म्हणून माहीत, आणि मी तर माहीतच नाही.

सोळाव्या दिवशी घाट आला. म्हातारा तसाच, मांडी घालून. मी जवळ गेलो आणि पडद्यावर चौकट उमटली. पलीकडं जायचंय का? हो. नाही. म्हणजे लोकांचं ऐकलं होतं त्यांनी. थांबणं काढून टाकलं होतं. मला एवढा राग आला की यंत्र आपटणार होतो. मग वाटलं, मन्मथ इथं काय करील? त्यानं चौकटीकडं लक्षच दिलं नसतं. मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मागं घेतले. चौकट तशीच. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. किती वेळ गेला मी मोजलं नाही. मग चौकट हळूहळू पुसट झाली, निघून गेली... आणि म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"मन्या, ठेवलंय बे! ठेवलंय त्यांनी!" मी ओरडलो. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, कोण आलंय. मी कोणी नाही म्हणालो आणि मग रडलो, समाधीच्या दिवशी रडायला हवं होतं तेवढं.

नावेत खरंच दोन फळ्या आहेत. एकीवर पोरगी जाऊन बसली, दुसरी रिकामी आहे. गेम काही दोघांचा नाही, तेवढा अंदाज त्याचा चुकला. पलीकडच्या काठावर मात्र अगदी बारीक, पिवळे दिवे आहेत. म्हातारा काठी घेऊन उभा आहे. नाव सोडायला आता फक्त दिशा द्यायची असते, आणि ती डावीकडून द्यायची असते.

ती मी अजून दिलेली नाही. अंगठा आता शिकला आहे, न जमण्यासारखं काही नाही. पण संध्याकाळी यंत्र चालू केलं की माझा डावा हात आपण होऊन खाली येतो. मी पलंगावर टेकून बसतो, उजवं टोक हातात धरतो, डावं शेजारच्या उशीवर ठेवतो. नावाडी वाट बघतो, पलीकडं दिवे दिसतात. आणि लहानपणी दोन वर्षांत आम्हाला जे एकदाही साधलं नाही, ते आता रोज साधतं. दोघांपैकी कोणीच काही दाबत नाही.