अल थकीऱ्याच्या तिवरांत, लाल दोऱ्याचं रोप शोधताना

गेल्या गुरुवारी मीनाच्या फोनवर मेसेज आला. "उद्या सकाळी साडेसहाला ओहोटी. जुने बूट आणा, लेसवाले."

मीना माझी पत्नी. तिला जाऊन सहा महिने झाले. तिचा नंबर त्या ग्रुपमध्ये अजून आहे. दोह्याच्या उत्तरेला अल थकीरा इथे समुद्रालगत खारफुटीचं राखीव जंगल आहे. काही हौशी लोक हिवाळ्यात शुक्रवारी तिथे साफसफाई करतात, रोपं सांभाळतात. मीना तीन हिवाळे त्यांच्यात होती. मी एकदाही गेलो नाही. आठवड्याची एक सुट्टी, आणि चिखलात बघायचं काय, असं माझं म्हणणं असायचं.

जूनमध्ये वटपौर्णिमेला ती पहाटे एकटीच गाडी घेऊन तिथे गेली होती. परत आल्यावर म्हणाली, "इथे वड कुठून आणू? गेल्या हिवाळ्यात लावलेल्या माझ्या रोपालाच सात फेरे गुंडाळून आले. लाल दोरा आहे, शिलाई मशीनचा. तुम्ही कधी आलात तर लगेच सापडेल." मी हसलो होतो.

ते रोप जगलंय का, एवढंच मला बघायचं होतं. मेसेजला उत्तर लिहिलं, "मी येतो. मीनाचा नवरा."

दोह्यातल्या आमच्या अल मुंतझाहून पहाटे पाचला निघालो. शुक्रवारी इतक्या सकाळी रस्ता मोकळा असतो. वेस्ट बेचे टॉवर आणि लुसैल मागे पडलं की अल खोरपर्यंत दोन्ही बाजूंना सपाट, तपकिरी जमीन. एकूण तासाभराचा प्रवास. अल खोरला करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणि पराठा घेतला, चार-पाच रियालांत पोट भरलं. पुढे काही मिळत नाही, त्यामुळे पाणीही तिथूनच घ्या. शेवटचा थोडा रस्ता कच्चा आहे. माझी छोटी गाडी हळूहळू गेली. मला तिकीट लागलं नाही. कयाक हवी असेल तर भाडं आणि भरतीची वेळ आधी विचारून घ्या.

कच्चा रस्ता वळला आणि मी गाडी थांबवली. इतका वेळ नुसती वाळू, आणि एकदम हिरवं. पाणी ओसरलेलं होतं. चिखलातून हजारो मुळं पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. आवाज जवळजवळ नव्हताच, फक्त चिखलातून बुडबुडे फुटल्यासारखा. दोह्यात मी बावीस वर्षं राहतोय, आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

"मीनाताईंचे मिस्टर ना?" लेसचे जुने बूट घातलेल्या एका बाईने विचारलं. ती सिसिलिया, वसईची, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स. ग्रुप तीच चालवते. "या भाऊ. ताई म्हणायची, आमचे हे चिखलाला घाबरतात."

"घाबरत नाही. आवडत नाही."

"बरं, मग बूट घट्ट बांधा. परवा एकाचा बूट चिखलातच राहिला. आणि मुळांवर पाय नाही द्यायचा हां, त्यातूनच झाड श्वास घेतं. आमच्या वसईत याला तिवर म्हणतात."

तिने मला एक पान चाटून बघायला सांगितलं. खारट होतं. झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं. मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटच्या पंपांवर काम करतो. त्यासाठी किती यंत्रं आणि किती वीज लागते ते मला माहीत आहे. ते पान मी बराच वेळ हातात धरून होतो.

आम्ही दहा-बारा जण होतो. काम सोपं, पण कंबर मोडणारं. रोपांवर चढलेलं शेवाळ, जाळ्यांचे तुकडे, पिशव्या हाताने सोडवायच्या. मी मान खाली घालून रांगेमागून रांग बघत गेलो. काही ठिकाणी नुसत्या काड्या उरल्या होत्या. तशी काडी दिसली की वाकून तिच्यावर दोरा आहे का बघायचो.

तिसऱ्या रांगेत लाल रंग दिसला. रोप माझ्या गुडघ्याच्या वर आलं होतं. टोकाला चार नवी पानं. मी चिखलातच गुडघे टेकले.

सिसिलिया मागून आली. "मी नोव्हेंबरमध्येच पाहिला तो दोरा. काही बांधायचं नाही असा आपला नियम आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर तिथल्या तिथे कापला असता. हा नाही कापवला."

मी बोटाने चाचपून पाहिलं. खोड जाड झालं होतं आणि दोरा सालीत रुतला होता. त्यावर शेवाळ धरलं होतं.

"तुम्ही कापायला नको म्हणालात तर राहू दे," ती म्हणाली. "पण भाऊ, दोरा असाच आवळत गेला तर या उन्हाळ्यात नाही टिकणार ते रोप."

तो दोरा गेला तर ते रोप बाकीच्यांसारखंच होणार होतं. मीनाने माझ्यासाठी ठेवलेली ती एकच खूण होती. मी दोऱ्यावरचं शेवाळ पुसत राहिलो. मग पलीकडून अबू राशिद हाका मारू लागले. ते इथलेच कतारी, वडिलांबरोबर याच खाडीत मासे धरलेले. "यल्ला मुहंदिस, पानी आता है! बाद में बैठो!" यल्ला म्हणजे चला, मुहंदिस म्हणजे इंजिनियर. पाणी खरंच बुटांना लागलं होतं.

सिसिलियाने छोटी कात्री पुढे केली. सात फेरे मी एकेक करून कापले. खोडावर फिकट वळ राहिले. ती म्हणाली, "हे भरून येईल."

पाणी चढेपर्यंत आम्ही ती रांग पूर्ण केली. काठावर येऊन मी मागे पाहिलं. भरतीचं पाणी रोपांमध्ये शिरलं होतं आणि सगळ्यांची पानं सारखीच हलत होती. मला तिचं रोप ओळखता आलं नाही. मी बघतच राहिलो.

घरी आल्यावर पुण्याला मुलीला फोन केला. सगळं सांगितलं.

"बाबा, फोटो काढलास?"

"नाही."

"म्हणजे कुठलं ते आता कळणारच नाही?"

"तिसरी रांग, एवढं माहीत आहे."

ती म्हणाली, "मी फेब्रुवारीत येते ना, तेव्हा ती अख्खी रांग साफ करू."