लेव्हलच्या नळीचे तीन हिसके

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. मी आर्किटेक्ट आहे, मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही, आणि असले अनुभव सांगणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केली आहे. आमचं घर हैदराबादेत, नारायणगुड्यात, आजोबांपासूनचं. घरात मराठी, गल्लीत दखनी हिंदी, साइटवर तेलुगू... त्यामुळे लिहिताना कुठे घसरले तर सांभाळून घ्या. नवरा पुण्याचा, तो तर माझ्या मराठीला खिचडीच म्हणतो. असो.

हैदराबादपासून तासाभरावर, ग्रॅनाइटच्या टेकड्यांत, एका संस्थेला पर्यटकांसाठी केंद्र बांधायचं होतं. शाळांच्या सहली येतील, मुलांना दगडांची माहिती मिळेल, पन्नासेक माणसं बसतील असा एक हॉल. जागा दिसायला शांत, पण पावसाळा संपला की पाणी भेगांत मुरतं आणि जमिनीखालून कधीतरी ‘धप्’ असा आवाज येतो, स्टीलचे डबे थरथरतात. भूगर्भवाले म्हणाले, इथे असे लहान धक्के नवीन नाहीत.

माझी अट एकच — एकही दगड फोडायचा नाही. तिथे दुमजली घराएवढा एक दगड पुढे झुकून उभा होता. त्याच्या सावलीत हॉल बसवला की एसीची गरजच नव्हती. त्या सावलीत माझा जीव अडकला होता, खरं सांगते. दगडाच्या तळाशी एक भेग होती. तिच्यावर मी काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवून घेतल्या. दगड केसभर हलला तरी काच तडकते. चार महिने एकही तडकली नाही.

आमचे मेस्त्री यल्लय्या, साठीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, “ये पत्थर अभी बैठा नै मेडम.”

“बैठा नै तो क्या हुआ, खड़ा तो है,” मी म्हटलं. सगळे हसले. मेस्त्री हसले नाहीत.

त्यांच्यामुळे कामावरच्या बायका त्या सावलीत बसेनात, उन्हात डबे खायच्या. मला तो माझ्या डिझाइनचा अपमान वाटायचा. मग मीच रोज दुपारी दगडाखाली बसून डबा खायला लागले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं. आठवड्याभरात लक्ष्मम्मा आली. ही मेस्त्रींची बायको, तीही आमच्याकडेच कामाला. नवऱ्याने डोळे वटारले तरी आली. तिच्यामागून आणखी तिघी आल्या. मी जिंकल्यासारखी खूश.

आता त्या नळीबद्दल. साइटवर पातळी काढायला पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी वापरतात. दोन माणसं दोन टोकं धरतात, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे खूण करायची. माझ्याकडे महागडं यंत्र होतं, पण मेस्त्रींचा विश्वास नळीवर. दगडाआड हाक पोचत नाही म्हणून त्यांनी मला हिसक्यांची खूण शिकवली होती. एक हिसका म्हणजे वर घे. दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे हातातलं टाक आणि इकडे ये.

“तीन मैं खींचतइच नै,” ते म्हणाले होते. “किसी की जान पे आई तोइच खींचना.”

त्या दुपारी शेवटच्या खांबाची पातळी राहिली होती. मी दगडाला पाठ लावून उभी, नळीचं टोक उजव्या हातात. मेस्त्री पलीकडच्या बाजूला. लक्ष्मम्मा आणि त्या तिघी माझ्यापासून चार पावलांवर डबे उघडून बसलेल्या. “मेडम, गोंगुरा तिंटारा?” लक्ष्मम्माने अंबाडीच्या चटणीची वाटी पुढे केली. मी म्हटलं, एवढी खूण करून आलेच. पण नळीतलं पाणी हलेना. मेस्त्री गप्पा मारत बसले असतील, असं वाटलं.

आणि हिसका बसला. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा — इतका जोरात की नळी हातातून निसटली आणि दोन बोटांची साल निघाली.

मला वाटलं मेस्त्रींना साप चावला, किंवा ते पडले. “मेस्त्री को कुछ हुआ, चलो!” मी ओरडले. चौघी डबे तिथेच टाकून धावल्या, लक्ष्मम्मा सगळ्यांच्या पुढे.

पलीकडे कोणीच नव्हतं. त्यांचं टोक खुंटीला नीट बांधलेलं होतं. मेस्त्री बऱ्याच अंतरावर वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होते, कारण त्याने मागचं चाक आमच्या नळीवरच उभं केलं होतं.

“क्यूं भागरे सब?” ते म्हणाले.

“तुमने तीन खींचे ना?”

“मैं? मैं तो कब से इधर—”

तेवढ्यात मागून आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखा. धूळ बसल्यावर आम्ही गेलो. दगडाच्या पोटातून खाटेएवढी, हातभर जाड शिळा सुटून पडली होती. बरोबर डब्यांवर. काचेच्या पट्ट्या सगळ्या शाबूत. मी चार महिने भलतीकडेच पाहत होते.

लक्ष्मम्मा मटकन खाली बसली. मेस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी सगळ्यांसमोर रडले.

इंजिनियर म्हणाला, बारीक धक्का बसला असेल, त्यात नळी हलली. असेल. पण धक्का थांबून थांबून तीनदा मोजत नाही. आणि चाकाखाली नळी चपटी झाली होती. त्यातून पाणी जाईना, तिथे हिसका कसा येणार?

हॉल मी मोकळ्या जागेत हलवला. पडलेल्या शिळेचा उंबरा, मातीच्या विटांच्या जाड भिंती, चुन्याचं प्लास्टर, छतावर माती. एसी अजूनही नाही. सहलीला आलेले लोक विचारतात, दगडांचं केंद्र दगडांपासून लांब का? मी सुरक्षिततेचे नियम सांगते.

नव्या जागेवर शेवटच्या दिवशी मी मेस्त्रींना म्हटलं, एकदा तीन हिसके देऊन दाखवा. “मजाक में नै खींचते,” ते म्हणाले. पुष्कळ समजावल्यावर तयार झाले. तीच नळी, तेवढंच अंतर, मध्ये ट्रॅक्टर नाही. लक्ष्मम्मा त्यांच्याजवळ उभी राहिली, खरंच ओढतात ना ते पाहायला. त्यांनी पाय रोवून ओढलं. माझ्या हातात नुसती गुदगुली झाल्यासारखं वाटलं. लांब नळी ताणते आणि जोर मध्येच जिरतो.

“और जोर से!”

“पूरा जोर लगाया मेडम इने,” लक्ष्मम्मा ओरडली.

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. साल काढणारा हिसका एवढ्या लांबून येऊच शकत नाही. तो हातभर अंतरावरूनच आला असणार. आणि हातभर अंतरावर, माझ्या पाठीशी, फक्त तो दगड होता.

मेस्त्रींना हे सांगितलं. ते नळी कोपराला गुंडाळत होते. शेवटचा वेढा घालून म्हणाले, “बैठा नै, वो तो मेरेकू मालूम था. बोलता बोलके मालूम नै था.”

दगड बोलतो, हे मलाही माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही.