तपासणीचं बोट

उचगावच्या रस्त्याला आमचा रेडिओचा कारखाना होता. सेलवर आणि विजेवर, दोन्हींवर चालणारा, हातात धरून न्यायचा रेडिओ. परदेशातली ऑर्डर मिळाली तेव्हा मालकांनी पेढे वाटले, आणि मागोमाग तिकडच्या नियमांचं पुस्तक आलं. त्यात एक अट होती. पेटीच्या कुठल्याही फटीतून बोट घातलं, तरी ते आतल्या विजेच्या भागाला लागता कामा नये. हे तपासायला सांधे असलेलं धातूचं बोट मिळायचं, पण ते बाहेरून मागवायला महिने गेले असते.

"बोटं काय आपल्याकडं कमी हायत व्हय?" मालक म्हणाले.

तपासणी माझ्याकडे होती. जोडणीच्या टेबलावरच्या बायकांत जिची बोटं सगळ्यात बारीक, तिला मी उठवलं. नवऱ्यानं टाकलेली, दोन वर्षं हंगामीच. ऑर्डर गेली की कायम करतो, असा मालकांनी तिला शब्द दिला. रेडिओ विजेवर लावायचा, तिनं एकेका फटीत बोट घालायचं. ओरडली तर रेडिओ नापास. पहिल्या दिवशी ती सात वेळा ओरडली. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, आणि आज त्या हसण्याची मला किळस येते.

नापास रेडिओंचा ढीग वाढला तसे मालक माझ्या अंगावर यायला लागले. पेटीचा साचा बदलायचा तर ऑर्डरच हातची गेली असती. मी तिला पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं.

"ओरडू नकोस. कायम व्हायचंय ना?"

त्यानंतर ती ओरडली नाही. ओठ दाताखाली धरायची, खांदा उडायचा, डोळ्यांत पाणी यायचं. समोर बसून मी कागदावर 'पास' लिहायचो. मला सगळं दिसत होतं.

माल परत आला. तिकडच्या तपासणीत धातूचं बोट सरळ आत लागलं होतं. मालकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"खोटं बोललीस व्हय गं? कारखाना बुडवाय निघालीस?"

"न्हाय मालक. करंट लागत हुता. सायेबच म्हणलं, वरडू नको. इचारा की त्यास्नी."

मालक माझ्याकडे वळले.

"मी कशाला असं सांगेन?" मी म्हणालो.

तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंतही थांबू दिलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई निवडायचं काम मालकांनी माझ्यावरच सोपवलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी जमलेल्या बायकांना मी हात पुढे करायला सांगितलं.