मामांनी पारखलेला स्टँड

फटफटी घेतली तेव्हा तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं. लष्करी लिलावातला माल, अंगावर अजून तोच हिरवा रंग, आणि मूळचा स्टँड गंजून कधीच गळून पडलेला. चिखलीच्या आमच्या घरासमोर ती लिंबाला टेकून असायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय राव, हिला बरं न्हाई का?" मला असल्या थट्टेचा भयंकर राग यायचा, आणि राग आलेला दिसला की लोक पुन्हा विचारायचे.

टेकून राहणं एक वेळ चाललं असतं. पण तिची साखळी वरचेवर उतरायची, आणि साखळी बसवायची तर मागचं चाक उचलून मोकळं फिरवावं लागतं. आधी मी खाली एक खोकं सरकवलं. त्याच्या फळ्या पुढे चुलीत गेल्या. मग बायकोचं लाकडी उखळ उपडं घातलं, ते तिने त्याच दुपारी ओढून नेलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

खरं तर तिलाच जास्त घाई होती. निघोजे तिचं माहेर. यंदा जत्रेला फटफटीवर बसून येणार, असं ती तिथल्या मैत्रिणींना, चुलत्यांना आणि मुद्दाम थोरल्या वहिनीला सांगून बसली होती. आता बैलगाडीतून उतरली असती तर वहिनी काही बोलली नसती, नुसती हसली असती. ते हसू मी पाहिलेलं आहे, माणूस त्याने आठवडाभर जेवत नाही.

"दादांना संगं न्या," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील, माझे मामा. "त्यास्नी पारख हाय."

मामांना पारख होती ती बैलांची. आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मामांना बोलावणं जायचं. त्याचा स्टँडशी काय संबंध, असं मी विचारलं नाही. कारखान्यात साहेबाशी भांडणारा मी घरात मात्र शहाणा होतो.

चाकणच्या बाजारात लोहाराने फटफटी वर चढवून ठेवायचे, चार पायांचे दोन स्टँड पुढे मांडले. एक उंच, बारीक पायांचा, लाल रंग दिलेला, मला बघताक्षणी आवडलेला. दुसरा ठेंगणा, फेंगड्या पायांचा, बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून ठोकून काढलेला. मामा दोन्हींभोवती फिरले. पाठीवर थाप मारली. एकेक पाय उचलून खालून पाहिला. मग लोहाराला गंभीरपणे विचारलं, "खोड काय हाय का?"

लोहार म्हणाला, "न्हाई, गरीब हाय."

बघे जमू लागले. बैल दिसत नव्हता, पण मामा दिसत होते, म्हणजे बैल असणारच, अशी सगळ्यांची खात्री. मी जरा लांब सरकलो आणि कांद्याचा भाव विचारू लागलो.

"मामा, लाल घेऊ," मी तिथूनच म्हटलं.

"पाव्हणं, रिकामं जनावर समदंच बरं दिसतं. वझं घालून बघाय पायजे." आणि धोतर सावरून मामा स्वतःच लाल स्टँडवर बसले. स्टँडने आधी पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि मामांसकट सावकाश खाली बसला. मामा उठले, धूळ झटकली. "बसतंय," एवढंच म्हणाले.

मग फेंगड्यावर बसले. डावीकडे कलले, उजवीकडे कलले, तंबाखू काढून निवांत मळली, खाल्ली. लोक उभेच. "ह्यो घ्या," मामा म्हणाले. मी पैसे मोजले.

जत्रेच्या सकाळी मामा आम्हाला न्यायला बैलगाडी घेऊन आले होते, लागलीच तर असावी म्हणून. फटफटी फेंगड्यावर चढवून मी साखळी बसवत होतो. तोवर बायको नऊवारी नेसून, नथ घालून आली आणि मागे बसलीसुद्धा. मनात म्हटलं, साखळी एकदा फिरवून बघू. पुढे बसून इंजिन चालू केलं, गिअर टाकला. चाक हवेत गरगरू लागलं. तिने डोळे गच्च मिटून माझा सदरा धरला.

"हळू चालवा," ती ओरडली, "पदर उडतोय."

पदर वाऱ्याने उडत होता, ते खरं. समोर मामांचे बैल रवंथ करत आमच्याकडे बघत होते. मला सांगवेना. मी आणखी जोर दिला आणि साखळी तुटली. नुसती उतरली नाही, कडी तुटून लिंबापलीकडे जाऊन पडली.

मी इंजिन बंद केल्यावर तिने डोळे उघडले. "आलं निघोजं?" आणि समोर आपलंच दार पाहिलं.

ती रडली नाही. नथ काढून हातात घेतली, ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मला फटफटीसकट विहिरीत उडी घ्यावीशी वाटली.

"तुला फटफटीव बसून यायचंय न्हवं?" मामा म्हणाले. "मग बस की."

शेजाऱ्यांना हाका मारून आम्ही फटफटी स्टँडसकट बैलगाडीत चढवली, चऱ्हाटाने बांधली. बायकोने नथ परत घातली आणि वर चढून बसली. मोशीपाशी नदी ओलांडली, पुढे खाचखळगे लागले, गाडी हेलकावली, पण फेंगडा हलला नाही. मामा बैल हाकत होते. फटफटीचा मालक मागून धूळ खात चालत होता.

निघोज्यात शिरताना तिने हॉर्न वाजवला. माणसं मान वर करून बघत राहिली, कारण ती देवळाच्या ओसरीपेक्षाही उंच बसली होती. वहिनी दारात आली. हसायचंच विसरली.

पुढच्या वर्षी मी नवी साखळी टाकली. जत्रेच्या सकाळी फटफटी पुसून, चालू करून दारात आणली आणि म्हटलं, "चल, बस."

तिने माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं. "आन् दादांची गाडी कवा येनार?"